‘पहिला कोण’ बाजूला ठेवून : एका प्रदर्शनाच्या नोंदी

३ जून २०२५

हॉल नक्की झाला. एक लांब भिंत, दोन आखूड, चौथ्या बाजूला खिडक्या. सप्टेंबरचा उत्तरार्ध आपला. विषय तोच : कोड लिहून केलेली अमूर्त चित्रं, आणि त्यातली सहसा न दिसणारी.

आज नावं जमवली नाहीत, खोडली. या कलेचा इतिहास कुठेही उघडा, सुरुवात एकाच वर्षाने होते. १९६५ : फेब्रुवारीत श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात गेओर्ग नेस, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकल नोल आणि बेला युलेश, नोव्हेंबरात पुन्हा श्टुटगार्टला नेस आणि फ्रीडर नाके, यांची संगणकचित्रांची प्रदर्शनं. मग पहिला कोण यावर दोन पानं वाद. या शर्यतीत जे नव्हतेच त्यांचं काय? कुणी यंत्राऐवजी ब्रशने चित्र पूर्ण केलं, कुणी प्लॉटरऐवजी (म्हणजे पेन धरून रेषा काढणाऱ्या यंत्राऐवजी) ऑफिसातला प्रिंटर वापरला, कुणी गॅलरीऐवजी दुकानाच्या दर्शनी भागावर दिवे लावले. ते सगळे तळटिपेत गेले. चित्र कमअस्सल होतं म्हणून नव्हे. ते त्या शर्यतीच्या व्याख्येत बसत नव्हतं म्हणून.

तेव्हा ठरलं : नेस, नोल, नाके यांच्यासाठी दाराजवळ एक छोटा मजकूर. चित्र नाही. नेसचं ते वरून नीट असलेलं आणि खाली येता येता विस्कटत जाणारं चौकोनांचं चित्र, एका आडव्या रांगेत बारा चौकोन, अशा बावीस रांगा, आता टी-शर्टवरही मिळतं. त्याला आमच्या भिंतीची गरज नाही.

व्हेरा मोल्नार या हंगेरियन-फ्रेंच चित्रकर्तीवरून भांडण झालं. १९५९ पासून त्या यंत्राशिवायच यंत्राचे नियम कागदावर पाळत होत्या, १९६८ मध्ये खरा संगणक हाती आला, आणि २०२२ मध्ये, ९८व्या वर्षी, व्हेनिसच्या बिएनालेत त्यांचं काम लागलं. २०२३च्या डिसेंबरात गेल्या. आज त्यांना दुर्लक्षित म्हणणं खोटं ठरेल. मी नाव खोडलं. मदतीला आलेली विद्यार्थिनी म्हणाली, “सर, मग यादीत बायका किती उरल्या?” प्रश्न रास्त आहे. शोधायला हव्यात, आणि त्या आहेत.

११ जून

मूळ कृती आपल्याकडे नाहीत, आणायला पैसेही नाहीत. मग भिंतीवर काय? मूळ चित्रांचे फोटो मोठे करून लावायचे नाहीत, हे आजच ठरवून टाकलं. फोटोत नियम दिसत नाही, नुसता फोटो दिसतो. आपण नियम समजून घ्यायचा, आपल्या हाताने तो पुन्हा चालवायचा, आणि खाली स्पष्ट लिहायचं : नियम त्यांचा, कागद आमचा. ही प्रत नव्हे आणि मूळही नव्हे, अभ्यास आहे.

याला आधीची वाट आहे. १९७६ ते ७८ या काळात कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या ग्रेस हर्टलाइन यांच्या संपादनाखाली ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड आर्ट’ नावाचं त्रैमासिक निघायचं. २०१२च्या सुमारास ‘रीकोड’ नावाच्या प्रकल्पात लोकांनी त्या अंकांतली चित्रं पाहून आजच्या भाषेत पुन्हा कोड लिहायला घेतला. मला त्यात आवडलं ते हे की बऱ्याच चित्रांचा मूळ प्रोग्रॅम हाताशी नसताना लोक नुसतं चित्र पाहून नियम ओळखत होते. चित्र वाचायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला गृहपाठ नाही.

१९ जून

कवानो.

हिरोशी कवानो (१९२५–२०१२) चित्रकार नव्हते, सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक होते. श्टुटगार्टचे तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांची ‘माहिती म्हणून सौंदर्य’ ही कल्पना त्यांनी वाचली आणि ती खरी का ते तपासायला संगणक गाठला. तोक्यो विद्यापीठातला ओकिटॅक ५०९०ए. साल १९६४. म्हणजे शर्यतीच्या वर्षाच्या आधीच. पण तेही आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिणार नाही, नाहीतर पुन्हा तीच शर्यत सुरू.

त्यांचा मार्ग असा : चित्राचे चौकोन पाडायचे. एका चौकोनाचा रंग ठरला की शेजारचा कुठला येईल याच्या शक्यता ठरवून द्यायच्या. निळ्यानंतर निळा येण्याची इतकी, पांढरा येण्याची तितकी. ही मार्कोव्ह साखळी. यंत्राने उत्तर दिलं की कवानो स्वतः बसून ते चौकोन गौश या अपारदर्शक जलरंगाने रंगवायचे. मोंड्रियान या डच अमूर्त चित्रकाराच्या धर्तीवरची त्यांची मालिका अशीच झाली.

इथेच ते शर्यतीतून बाद झाले असावेत असं मला वाटतं. हाताने रंगवलं म्हणजे ‘खरं संगणकाचं चित्र’ नव्हे, आणि गणित यंत्राने केलं म्हणजे ‘खरं चित्र’ नव्हे. २०१० मध्ये त्यांनी आपला सगळा संग्रह जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या झेडकेएम या कला-माध्यम संस्थेला दिला आणि पुढच्या वर्षी तिथे प्रदर्शन झालं, तेव्हा कुठे युरोपात नाव नीट घेतलं जाऊ लागलं.

विद्यार्थिनीने अभ्यास करायला घेतला. तीन रंग, शक्यतांची तक्ता-पाटी तिची स्वतःची, संगणकाकडून फक्त अक्षरांची जाळी : प, न, ल. मग पोस्टर कलर. दुपारभर रंगवून ती म्हणाली की अवघड काय असेल तर यादीचं ऐकणं. सलग चार पांढरे आले की हाताला वाटतं इथे एक लाल टाकावा. टाकला की चित्र ‘छान’ होतं आणि नियम मोडतो. हे वाक्य तिच्याच शब्दांत लेबलवर घेतो आहे.

२७ जून

कवानोंच्या शेजारी झ्देनेक सिकोरा. चेक चित्रकार, गाव लौनी. १९६४ मध्येच त्यांनी यारोस्लाव ब्लाझेक या गणितज्ञ मित्राला सोबत घेतलं, कारण अर्धगोल आणि चौकोनांचे ते काळे-पांढरे घटक कुठे कसे वळवायचे याच्या शक्यता हाताने मोजणं जिवावर आलं होतं. घटक शेजाऱ्याशी कसा जुळेल याचा नियम चित्रकाराचा, मोजणी यंत्राची, रंग पुन्हा चित्रकाराचा. कॅनव्हासवर तैलरंग. प्रागमध्ये लेत्ना बोगद्याच्या हवा खेळवणाऱ्या चिमण्यांवर त्यांच्या रचनेच्या फरशा आहेत. रोज हजारो माणसं तिथून जातात. त्यातल्या किती जणांना ते कोडचं चित्र आहे हे माहीत असेल?

दोघं, जगाच्या दोन टोकांना, त्याच वर्षी, एकमेकांना न ओळखता. आखूड भिंत त्यांची.

६ जुलै

पाऊस. प्लॉटर चालतोय, पण कागद ऐकत नाही. सकाळी टेप लावून ताणून बसवलेला कागद दुपारपर्यंत मध्ये फुगतो आणि पेन तिथे जाड ओढतं. जाड, कापसाचा, ३०० जीएसएमचा घेतला तर फुगणं कमी, पण शाई पसरते. शेवटी खोलीत हीटर लावून कागद आधी रात्रभर ठेवायचा, अशी पद्धत बसली. पुण्यात जुलैत हीटर. शेजारच्या काकूंनी विचारलंच.

दुसरं : रेषांचा क्रम. प्रोग्रॅम ज्या क्रमाने रेषा देतो त्याच क्रमाने काढल्या तर पेन कागदभर उड्या मारत राहतं, वेळ तिप्पट. क्रम लावून घेतला की वेळ वाचतो, पण मग ताज्या शाईच्या रेषा एकमेकींना लागून येतात आणि ओल्या ओल्या मिसळतात. म्हणून दोन पट्टे सोडून तिसरा, असं काढतोय. साठच्या दशकातल्या लोकांनीही याच अडचणी काढल्या असतील. त्यांच्या काळी चूक दिसायला मात्र पाळी येईपर्यंत थांबावं लागायचं. संगणकाचा वेळ दुसऱ्याचा असायचा.

१५ जुलै

आज दिवस सार्थकी लागला. लाइन प्रिंटर, म्हणजे एका वेळी अख्खी ओळ अक्षरांत छापणारा, ऑफिसातला जुना प्रिंटर.

१९६८ च्या आसपास न्यू मेक्सिको विद्यापीठात कॅथरीन नॅश या शिल्पकार आणि रिचर्ड विल्यम्स हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक यांनी ‘आर्ट १’ नावाचा प्रोग्रॅम केला. कलावंताने प्रोग्रॅमिंग शिकायचं नाही. पंच कार्डांवर आकार कुठला, कुठे, किती मोठा आणि कुठल्या अक्षराने भरायचा एवढं द्यायचं. रेषा, त्रिकोण, भरीव आयत, पोकळ आयत, लंबवर्तुळ. यंत्र ते लाइन प्रिंटरवर अक्षरांनी छापायचं, आणि एका थरावर दुसरा थर चढवता यायचा. १९७० मध्ये ‘लिओनार्दो’ या नियतकालिकात दोघांनी त्याची माहिती छापली. कलाकारांसाठी असा सोपा दरवाजा नॅश यांनी उघडून ठेवला, आणि इतिहासात त्यांना मिळालेली जागा म्हणजे हॅमर्स्लींच्या परिच्छेदातली अर्धी ओळ.

फ्रेडरिक हॅमर्स्ली (१९१९–२००९) म्हणजे लॉस एंजेलिसचे, धारदार कडांची अमूर्त रंगचित्रं करणारे. १९६८ मध्ये शिकवायला अल्बुकर्कीला आले आणि १९६९ मध्ये या प्रोग्रॅमवर सत्तरेक चित्रं केली. उणे चिन्हं, टिंबं, शून्यं, तिरप्या रेघा. एका अक्षरावर दुसरं छापलं की राखाडीच्या छटा होतात. जवळून पाहिलं तर हिशेबाचा कागद, लांबून पाहिलं तर गोल आणि लाटा.

आता हे आपण कशावर छापायचं? लेझर प्रिंटरवर छापलं तर सगळं मरतं; तो प्रत्येक अक्षर एकाच निर्विकारपणे उमटवतो. आमच्या नशिबाने हा देश डॉट मॅट्रिक्स अजून सोडायला तयार नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, औषधांच्या होलसेल दुकानात, दोन्ही कडांना भोकं असलेल्या घडीच्या कागदावर पावत्या आजही करकरत निघतात. मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांनी रुंद कागदाचा प्रिंटर आठवडाभर दिला. अट एकच : रिबन आमची.

भोसरीच्या एका कारखान्यात सत्तरच्या दशकापासून ईडीपी विभागात (संगणकावर हिशेब करणाऱ्या) काम केलेले एक काका मदतीला आले. कागद हातात घेताच म्हणाले, “एकशे बत्तीस कॉलम. अरे, यावर मी पगार छापलेत वीस वर्षं.” एका ओळीवर दुसरी कशी चढवायची यावर आम्ही मॅन्युअल चाळत होतो. त्यांनी ऐकूनच सांगितलं की ओळ पुढे सरकवायची खूण पाठवू नका, नुसती डोकं परत डावीकडे आणायची पाठवा, आणि त्याच ओळीवर पुन्हा छापा. पगारपत्रकात कामगाराचं नाव ठळक दिसावं म्हणून ते तेच करायचे.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आडवी इंचाला दहा अक्षरं, उभ्या इंचाला सहा ओळी. म्हणजे अक्षराचं घर चौकोनी नाही, उभं आहे. गणिताने काढलेलं वर्तुळ कागदावर लांबट अंडं होऊन येतं. हिशेबात दुरुस्ती केली तर वर्तुळ गोल येतं. आम्ही एक कागद दुरुस्तीसह, एक दुरुस्तीशिवाय छापला. लांबट जास्त चांगला आहे. दुरुस्तीचा कागद लावणार नाही.

रिबन नवी असताना काळा फार काळा येतो, दोन थरांतला फरक बुजतो. जरा झिजलेली रिबन हवी. ट्रान्सपोर्टवाल्यांची जुनी रिबन मागून घेतली. ते हसले, पण दिली.

१६ जुलै

काकांना विचारलं, तुमच्या ईडीपी विभागात कुणी असं काही छापायचं का? म्हणाले, दिवाळीला अक्षरांचे आकाशकंदील छापायचो, साहेबांच्या टेबलावर जायचे. जपून ठेवला का एखादा? “कशाला ठेवतो, मागच्या बाजूला हिशेब केले.”

२४ जुलै

बँगर्ट दांपत्य. कोलेट चित्रकार, चार्ल्स जेफरीज गणित आणि प्रोग्रॅमिंगचे. कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स. १९६७ पासून दोघं मिळून.

त्यांची रेष इतर कुणासारखी नाही. त्या काळची बहुतेक प्लॉटरचित्रं पाहा : चौकोन, घन, जाळी. बँगर्टांकडे गवत. कोलेट आयुष्यभर हाताने मैदानांची, गवताची चित्रं काढत होत्या, आणि दोघांनी तिच्या हाताच्या रेषेत नियम काय आहे ते शोधलं : कुठे वाकते, किती दाट होते, शेजारच्या रेषेपासून किती सरकते. मग प्रोग्रॅम. मग कोलेट पुन्हा हाताने, कारण प्रोग्रॅमने दाखवलेलं काही तिला हाताने करून पाहावंसं वाटायचं. १९७४ मध्ये ‘लिओनार्दो’त त्यांनी हाताने आणि संगणकाने चित्र काढण्याच्या अनुभवावर लेख लिहिला.

हे अमूर्त म्हणायचं का, असा प्रश्न आमच्यात निघाला. क्षितिज नाही, जमीन नाही, फुलं नाहीत. रेषांची दाटी आणि विरळपणा एवढंच. माझ्या मते अमूर्तच. ज्यांना गवत दिसतं त्यांना दिसू दे.

अभ्यासासाठी मी दोन टोकांच्या रेषा हाताने काढल्या, त्यांचे बिंदू मोजून घेतले, आणि मधल्या रेषा प्रोग्रॅमला भरायला सांगितल्या : पहिलीपासून दुसरीपर्यंत हळूहळू बदलत, थोडा झोल प्रत्येकीत वेगळा. अनुभव विचित्र आहे. मधल्या रेषा माझ्या हाताच्या वाटतात, आणि मी त्या काढलेल्या नाहीत. हिरवी शाई सुचवली गेली, नाकारली. गेरूचा आणि काळा.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर आता भिंतीवर आहे : नॅश आणि बँगर्ट, लांब भिंतीच्या मध्यावर.

३ ऑगस्ट

मुंबईचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. आहे, पण संगणकाशिवाय.

अकबर पदमसी यांना १९६९ च्या सुमारास नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले यांना एकत्र आणणारी कार्यशाळा चालवली, ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’. नलिनी मलानी तिथल्या सर्वांत तरुणांपैकी. पदमसींनी स्वतः ‘सिझिजी’ ही अकरा मिनिटांची मूक फिल्म केली : आकड्यांच्या ठरवलेल्या क्रमावरून आखलेल्या रेषा आणि भौमितिक आकृत्या, ॲनिमेशन राम मोहन यांचं. चित्रकार म्हणून पदमसींची ‘मेटास्केप’ लिलावात गाजली. ही फिल्म मात्र बरीच वर्षं कुणाच्या बोलण्यात नव्हती. दुसरी फिल्म, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, तिची एकच प्रिंट होती, ती हरवली.

नियम आहे, क्रम आहे, अमूर्त आहे, यंत्र नाही. आमच्या व्याख्येत बसतं का? मी बसवतो. मोल्नार यंत्राविना नियम पाळत होत्या तेव्हा त्यांना या इतिहासात जागा मिळाली. मग पदमसींना का नको? फिल्म दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत, म्हणून मजकूर फक्त. रिकामी चौकट वगैरे नाटक नको.

नसरीन मोहमदींचं नाव दोघांनी सुचवलं. त्या रेषा पाहून कुणालाही प्लॉटर आठवेल हे खरं. पण त्या रेषांमागे लिहिलेला नियम नव्हता, नजर आणि हात होता. शिवाय २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्या होत्या. दुर्लक्ष त्यांच्या हयातीत झालं, आता नाही. नाव नाही.

१४ ऑगस्ट

रांगोळी. शेवटी आलीच. हॉलचे व्यवस्थापक काका : “दारात ठिपक्यांची काढा ना, विषयाला धरून होईल.” मी टाळत होतो, कारण हे फार स्वस्तात होतं. आपल्याकडे हे आधीपासूनच होतं असं म्हणून टाळी घ्यायची आणि पुढे जायचं.

पण यात एक काम खरंच आहे, आणि ते झाकलेलं आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज, तांबरम. गिफ्ट सिरोमणी, राणी सिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर, म्हणजे तमिळनाडूतल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर, शोधनिबंध प्रसिद्ध केला : ॲरे ग्रामर. वाक्याचं व्याकरण असतं तसं चित्राचं व्याकरण. ठिपक्यांच्या लहान जाळीपासून सुरुवात, कुठल्या जागी काय बदलायचं याचे नियम, आणि तेच नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं की त्याच घराण्याचं मोठं कोलम. कुठलं घराणं किती साध्या व्याकरणात बसतं आणि कुठल्याला जास्त ताकदीचं व्याकरण लागतं, अशी वर्गवारी. संगणकशास्त्राच्या लोकांना हे माहीत आहे. कलेच्या प्रदर्शनात हे सहसा येत नाही.

इथे श्रेय नीट वाटावं लागेल. कोलम अंगणात काढणाऱ्या बायकांचं, व्याकरण या तिघांचं. आम्ही आमच्या रांगोळीचा दावा करणार नाही. लेबलात कोलमच लिहायचं आणि तांबरमच. एक घराणं निवडून लहानापासून मोठ्यापर्यंत चार पायऱ्या प्लॉटरवर काढल्या. पायऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की व्याकरण मजकुरावाचून कळतं.

दारात रांगोळी काढायला काका मोकळे आहेत. तेवढी त्यांची.

२३ ऑगस्ट

व्लादिमीर बोनाचिच. झाग्रेबच्या रुजेर बोश्कोविच संस्थेतले शास्त्रज्ञ. त्यांचं कॅनव्हास म्हणजे दिवे. १९६९ मध्ये झाग्रेबच्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या दर्शनी भागावर त्यांनी प्रचंड लांब चमकणारी रचना बसवली. त्यांचं गणित गॅल्वा क्षेत्रांचं (मोजक्याच संख्यांमध्ये चालणारं), आणि त्यांची भूमिका उलटी : कलेत यादृच्छिक आकडे वापरणं त्यांना पटत नव्हतं. आणखी एक कृती, १०२४ प्रकाशचौकोन आणि १६ रंग.

इतर बऱ्याच कामांत नशिबाचा खेळ आहे, आणि इथे एक माणूस म्हणतो नशीब नको. हे हवंच.

तापकीर गल्लीतून ३२ बाय ३२ चा एलईडी पॅनेल आणला. नियम छोटासा : दहा बिटांची पट्टी, प्रत्येक ठोक्याला एक घर सरकायची, आणि दहाव्या व सातव्या बिटांच्या बेरजेतून (हातचा सोडून) नवा बिट आत यायचा. तयार होणारी संख्या म्हणजे त्या क्षणी पेटणारा दिवा. पाहणाऱ्याला वाटतं दिवे वाटेल तसे पेटतायत. प्रत्यक्षात १०२३ ठोक्यांत एक सोडून प्रत्येक दिवा बरोबर एकदा पेटतो आणि मग तीच फेरी पुन्हा. सेकंदाला एक ठोका धरला तर सतरा मिनिटं तीन सेकंद.

१०२४ पैकी १०२३. सगळे बिट शून्य ही अवस्था या नियमाला कधीच गाठता येत नाही, त्यामुळे कोपऱ्यातला शून्य क्रमांकाचा दिवा कधीच पेटत नाही. विद्यार्थिनी म्हणाली, तो वेगळा पेटवून टाकू. नको. लेबलवर लिहू, आणि लोक कोपऱ्याकडे बघत बसतील.

२९ ऑगस्ट

गणपती. रस्ते बंद, फ्रेमवाला बंद, आमचा प्लॉटरवाला मित्र ढोलपथकात. घरी बसून आजच्या काळाची यादी पुरी केली.

थोडक्यात : गेल्या काही वर्षांत कोडच्या चित्रांचा ऑनलाइन बाजार आला. २०२० च्या नोव्हेंबरात आर्ट ब्लॉक्स, २०२१ मध्ये हिक एट नंक आणि एफएक्सहॅश. पैसा आला तशी प्रसिद्धी आली, आणि हिक एट नंक त्याच वर्षी बंदही पडलं. मला त्या गर्दीपेक्षा मागची गर्दी आवडते : १४० अक्षरांत चित्र बसवणारे, २५६ बाइटमध्ये हलतं अमूर्त चित्र करणारे डेमोवाले (हौसेने असे छोटे प्रोग्रॅम लिहिणारे; त्यांच्या गोतावळ्याला डेमोसीन म्हणतात). फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या यादीत घेतलं. एका स्क्रीनवर अशी काही कामं, करणाऱ्यांची रीतसर परवानगी आल्यावरच. बाकी यावर वेगळं प्रदर्शन होईल, इथे जागा नाही.

१० सप्टेंबर

लेबलं. हक्क.

भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे आमच्या यादीतल्या प्रत्येकाचे चालू आहेत. म्हणून पुन्हा एकदा : प्रत नाही, विक्री नाही, प्रत्येक कागदाखाली ‘अभ्यास’. आणखी एक मजेशीर तपशील : आपल्या कायद्यात संगणकाने निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं सरळ लिहिलेलं आहे. नोलच्या वेळी अमेरिकेत ते नव्हतं. त्याच्या चित्राची नोंदणी कॉपीराइट कार्यालयाने आधी नाकारली; यंत्राने यादृच्छिकपणे काढलेलं म्हणे. ती यादृच्छिकतासुद्धा माणसाने लिहिलेल्या नियमातूनच येते हे नोलला त्या कार्यालयाला समजावून सांगावं लागलं. हे दाराजवळच्या मजकुरात घेतलं. तिथे तो एकदाचा शोभतो.

‘ओळखा पाहू, संगणकाचं कुठलं?’ असा खेळ ठेवा, अशी सूचना आली. तेही नोलने केलेलं आहे : मोंड्रियानचं रेषांचं एक चित्र आणि त्यासारखं संगणकाने केलेलं, शंभर जणांना दाखवलं. ५९ जणांना संगणकाचं जास्त आवडलं, आणि संगणकाचं कुठलं हे फक्त २८ जणांना ओळखता आलं. प्रयोग मस्त आहे, पण तो खेळ मांडला की सगळं प्रदर्शन पुन्हा माणूस विरुद्ध यंत्र होऊन बसेल. कवानोंच्या भिंतीवर तर तो प्रश्नच निरर्थक आहे.

त्याऐवजी संगणकचित्रकार मान्फ्रेड मोर यांची युक्ती उचलतोय. १९७१ मध्ये पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा संगणकाने केलेल्या सौंदर्यशोधाबद्दल काय वाटतं, ते लोकांना तिथल्याच मोठ्या फलकावर लिहायला सांगितलं होतं. आमचा फलक, आमचा प्रश्न : यातला कुठला नियम बदलाल, आणि काय कराल?

१९ सप्टेंबर

उघडलं. लोक लेबलं वाचतात, हे बघून बरं वाटलं. डॉट मॅट्रिक्सच्या कागदासमोर पन्नाशीपुढचे पुरुष हमखास थांबतात आणि बायकोला काहीतरी समजावून सांगतात. लहान मुलं एलईडीच्या कोपऱ्यासमोर ठाण मांडून बसतात. तो दिवा पेटणार नाही हे सांगूनही.

कवानोंचा अभ्यास आखूड भिंतीच्या खिडकीकडच्या टोकाला होता, दुपारी थेट ऊन येतं. पोस्टर कलर आठवड्यात उडेल. आजच आतल्या बाजूला नेला, सिकोराही सोबत गेले.

२६ सप्टेंबर

फलकावरची उत्तरं उतरवून घेतली. काही : “चौकोन रंगवताना एकदा तरी मोडायची परवानगी द्या.” “गवतात वारा.” “कोलमच्या पाचव्या पायरीला आमच्या अंगणात जागा नाही.” एकाने बोनाचिचच्या नियमात दोन ठिकाणांऐवजी चार ठिकाणचे बिट घ्यावेत असं लिहून कुठले तेही दिलं होतं. घरी तपासलं, फेरी पूर्ण १०२३चीच आली, पण दिव्यांचा क्रम पार वेगळा. उद्यापासून पॅनेलवर त्याचा नियम चालेल, लेबल बदलून.

कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयातून फोन आला, सगळे कागद महिनाभर पाठवाल का. नाही म्हटलं. नियम पाठवतो, कागद तुम्ही करा. नाहीतर आमचेच कागद मूळ कृती बनून बसतील. त्यांच्याकडे प्लॉटर नाही म्हणाले. ऑफिसात डॉट मॅट्रिक्स आहे का विचारलं. आहे. हॅमर्स्ली, नॅश आणि काकांची ओळ न सरकवायची युक्ती आज पोस्टाने गेली, सोबत एक झिजलेली रिबन.